रजिस्टरात न आलेलं सायकल स्टँड

पाणीपट्टी वाढवायची सभा असली की आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडायच्या. एरवी कोरम पुरा करायला शिपायाला पार्षदांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, घरोघर पाठवावं लागे. कोणी संत्र्याच्या बगीच्यात असे, कोणी लग्नात, कोणी फोनवर ‘निघून राह्यलो जी, चप्पल घालून राह्यलो’ म्हणे आणि तासाभराने तेच पुन्हा म्हणे. पण विषयपत्रिकेवर जलकर दिसला की सगळे वेळेच्या आधी हजर. इस्त्रीचे कपडे, खिशाला पेन, आणि दाराशी उभ्या बातमीदारांकडे तोंड येईल अशी खुर्ची. जलकराला विरोध करताना आपला फोटो यावा, एवढी साधी इच्छा असे. तिला मी कधी हसलो नाही. निवडून येणं सोपं नसतं.

पांढुर्णा-सौंसर या पट्ट्यातल्या तीन नगरपालिकांत मिळून माझी नोकरी झाली. पुढची हकिकत त्यातल्या कोणत्या गावची ते सांगत नाही. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. मी परिषद शाखेचा बाबू होतो. सभेची नोटीस काढायची, विषयपत्रिका वाटायची, सभेत बसून कोण काय बोललं ते टिपायचं आणि त्याची कार्यवाही, म्हणजे इतिवृत्त, मोठ्या रजिस्टरात उतरवायची, हे माझं काम. माझे वडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. आमच्या मोहल्ल्यात टेबलाशी बसून पगार घेणारा मी दुसराच माणूस. बुद्धविहारात कोणालाही अर्ज लिहून हवा असला की तो माझ्याकडे येई. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याची मला घमेंडही होती.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक गोष्ट सांगावी लागेल. आम्ही मध्य प्रदेशात. लोक मराठी, सरकार हिंदी. सभेत भांडण मराठीत व्हायचं आणि रजिस्टरात ते हिंदीत उतरायचं. शिवाय मुख्य नगरपालिका अधिकारी, ज्यांना सगळे सीएमओ साहेब म्हणतात, ते बहुधा उत्तरेकडच्या एखाद्या जिल्ह्यातून बदलून आलेले असत. त्यांना आमची मराठी कळत नसे, आणि आमचे पार्षद तापले की त्यांची मराठी पुण्याच्या माणसालाही कळली नसती. म्हणून मला साहेबांच्या शेजारी खुर्ची मिळे. साहेब कान माझ्याकडे झुकवून विचारत, ‘क्या कह रहे हैं?’ आणि मी सांगे.

एकदा सफाईच्या विषयावर एक ज्येष्ठ पार्षद उभे राहिले आणि स्वच्छता निरीक्षकाच्या घराण्याचा त्यांनी तीन पिढ्यांपर्यंत उद्धार केला. पाच मिनिटं बोलत होते. नाल्या, डुकरं, निरीक्षकाचं पोट, सासुरवाडी, काही सोडलं नाही. साहेबांनी विचारलं, ‘क्या कह रहे हैं?’ मी म्हणालो, ‘सर, असहमत हैं।’ रजिस्टरातही तेच उतरलं : माननीय पार्षद ने असहमति व्यक्त की. दुसऱ्या दिवशी ते पार्षद मला चहाच्या टपरीवर भेटले. म्हणाले, “बाबूजी, तुमी लिहिलं म्हून वाचलो जी. नाई तं त्यानं केस टाकली असती माह्यावर.” सार काढणं हीच माझी विद्या होती. चार तासांची सभा मी दीड पानात बसवत असे, आणि लेखापरीक्षणाला आलेल्या साहेबांनी आमच्या रजिस्टरावर कधी लाल शेरा मारला नाही.

आणखी एक रिवाज होता. तो कुठल्या नियमात लिहिलेला नाही, पण मी पाहिलेल्या तिन्ही कचेऱ्यांत चालायचा. ठराव सभेच्या आदल्या दिवशीच टाइप करून तयार ठेवायचे. बाहेरच्या माणसाला हे लबाडीचं वाटेल. आतल्या माणसाला त्याचं कारण ठाऊक असतं. पार्षद येताच हजेरीवर सही करतात, फोटो झाला की निम्मे निघून जातात. साहेबांना ठरावाची प्रत त्याच संध्याकाळी वर पाठवायची असते. म्हणून मसुदा आधी. प्रस्तावक आणि समर्थक यांच्या नावांपुरती जागा कोरी सोडायची. सभेत काही बदल झालाच तर पान पुन्हा टाइप करायचं. बदल क्वचितच होत. जलकर सोडून.

जलकराचं दुखणं असं की वरून दर थोड्या दिवसांनी पत्र येतं : पाणी पुरवायला जेवढा खर्च होतो तेवढी वसुली करा, नाही तर अनुदानाचा विचार करावा लागेल. हो म्हटलं तर मतदार रागावतात, नाही म्हटलं तर सरकार. मग ‘पुढील सभेत विचारार्थ’ असं लिहून विषय ढकलायचा. दिवाबत्ती, झाडू आणि आग विझवणं यांचा मिळून एक समेकित कर आहे, त्याचंही तसंच. मी स्वतः एकच विषय सहा वेळा ‘विचारार्थ’ लिहिला आहे. हात आपोआप वळायचा.

कर भरायला येणाऱ्यांतही नाना तऱ्हा. एक निवृत्त गुरुजी दर वर्षी एक एप्रिलला कचेरी उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसायचे. त्यांना पावती क्रमांक एक हवी असे. एका वर्षी वसुली बाबूने मशीन चालतं का ते पाहायला स्वतःच्याच घराची पावती आधी फाडली आणि गुरुजींना दोन नंबर मिळाला. ते महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

पण लक्षात राहिल्या त्या पुष्पाताई. भाजीबाजारामागे शिवणकाम करायच्या. त्यांच्या मशीनसमोर एक कॅलेंडर टांगलेलं असे आणि त्यावर नळ कोणत्या दिवशी आला, किती वाजता आला, किती मिनिटं टिकला हे वर्षभर लिहिलेलं. ज्या दिवशी आला नाही त्या दिवशी फुली. तीन वर्षांची तीन कॅलेंडरं घेऊन त्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

“बाबूजी, नळ येते एक दिवसाआड. मंग टॅक्स रोजचा काऊन घेता?”

मी म्हणालो, “ताई, जलकर नळाच्या जोडणीवर आहे, पाण्यावर नाही.”

“म्हंजे टोटी पाहाचे पैसे?”

मी त्यांना अर्ज लिहून दिला आणि कॅलेंडरांच्या झेरॉक्स जोडायला लावल्या. झेरॉक्स काढायला लावणं ही त्या बाईंची मी केलेली सगळ्यात मोठी सेवा ठरली.

आता पार्किंगकडे येतो. या पट्ट्यात सरकारी कचेऱ्या वाढल्या तशा गाड्या वाढल्या. साहेब लोक वाढले, त्यांच्या पांढऱ्या गाड्या वाढल्या. शनिवार-मंगळवार जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला जाणारे येता-जाता नाश्त्याला थांबायचे. संत्र्याच्या हंगामात पिकअप रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. मेन रोडवर रुग्णवाहिका अडकली, बातमी छापून आली, वरून फोन आला आणि आमच्याकडे नियमपालन सुरू झालं.

सुरुवात चुन्याने झाली. रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ मारली आणि लोकांना सांगितलं, रेघेच्या आत. लोकांनी रेघेवर भाजीचे पाल मांडले, कारण तिथे जागा मोकळी होती. मग ‘नो पार्किंग’च्या पाट्या आल्या. त्यांच्या खांबांना बकऱ्या बांधायची चांगली सोय झाली. गाड्या उचलून न्यायला आमच्याकडे क्रेन नव्हती. कचऱ्याची ट्रॅक्टर-ट्रॉली होती, तिच्यात मोटारसायकल चढत असे, जीप चढत नसे. तेव्हा आमच्या एका उत्साही प्रभारी साहेबांनी हुकूम काढला : चुकीच्या जागी गाडी दिसली की चाकाची हवा सोडा.

बाजाराच्या दिवशी सकाळी दहा वाजता आमच्या माणसांनी एका दमात बारा पिकअपची आणि चार जीपची हवा सोडली. त्यानंतर त्या सोळा गाड्या जागच्या हलू शकल्या नाहीत. आधी ज्या गाड्या पंधरा मिनिटं उभ्या राहून गेल्या असत्या त्या संध्याकाळपर्यंत मेन रोडवर बसून राहिल्या. ड्रायव्हर झाडाखाली पत्ते खेळत होते. एकाला मी म्हटलं, भाऊ, काही करा. तो म्हणाला, “साहेब, मी तं निघूनच राह्यलो होतो. तुमीच थांबवलं.” त्या दिवशी गावातल्या दोन पंक्चरवाल्यांनी जेवायलाही सुट्टी घेतली नाही. कार्यवाहीत मी लिहिलं : अभियान चलाया गया.

या फजितीनंतर ठरलं की पार्किंगचा रीतसर ठेका द्यायचा. बस स्टँडच्या मागची नगरपालिकेची मोकळी जागा आखायची, तिथे गाड्या लावायच्या, रस्त्यावर दिसली तर दंड. योजना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. फक्त त्या जागेच्या कोपऱ्यात, दोन कडुनिंबांखाली, शामरावचं सायकल स्टँड होतं.

शामराव साठीच्या आसपासचा. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक सायकलने यायचे, त्याच्याकडे सायकल ठेवून नागपूरची किंवा छिंदवाड्याची बस धरायचे. नंतर मोटारसायकली आल्या, त्याही तिथेच. तो बिल्ला देत नसे. सायकल आणि माणूस यांची जोडी डोक्यात ठेवायचा. आठ दिवसांनी परत आलेल्या माणसाला न विचारता त्याची सायकल काढून देई. एकदा दोन भावांनी सायकली अदलाबदल करून नेल्या तर त्याने चौकापर्यंत पळत जाऊन त्यांना थांबवलं. जागाही त्याला तशीच मिळाली होती. कोणे एके काळच्या अध्यक्षांनी बोटाने दाखवून म्हटलं, इथं बस, आणि तो बसला. तीसेक वर्षं बसला. कागद कोणी दिला नाही आणि त्याने मागितला नाही. त्याची धाकटी मुलगी छिंदवाड्याला नर्सिंगचं शिकत होती, ती या स्टँडवर. दुसरा आधार नव्हता. जागा गेली तर त्या मुलीचं शिक्षण अर्ध्यावर थांबणार, हे साऱ्या बस स्टँडला ठाऊक होतं.

जलकर आणि पार्किंग हे दोन्ही विषय एकाच सभेत आले. विषय क्रमांक तीन जलकर, विषय क्रमांक नऊ पार्किंगचे नियम आणि ठेका. दोन्हींचे मसुदे मी आदल्या दिवशी टाइप करून ठेवले होते.

अध्यक्षपदी त्या वेळी एक मॅडम होत्या. जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा त्यांना उभं केलं होतं. कारभार त्यांचे यजमान पाहत. यजमानांना सभागृहात बसायचा अधिकार नव्हता, म्हणून ते दाराच्या आत एक हात आणि बाहेर एक हात अशा बेताने खुर्ची टाकून बसत. मॅडम भाषण वाचून दाखवत, सही करत, आणि प्रश्न आला की दाराकडे पाहत. साडेचार वर्षांत त्यांचं स्वतःचं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

जलकरावर तीन तास गेले. कोणी टेबलावर चढायचं बाकी राहिलं. एका पार्षदाने पुष्पाताईंच्या कॅलेंडरांच्या झेरॉक्स पिशवीतून बाहेर काढल्या आणि तारीखवार वाचायला सुरुवात केली : सोमवारी सतरा मिनिटं, बुधवारी फुली, शुक्रवारी फुली. जलप्रदाय शाखेचा इंजिनियर आपली फाइल चाळू लागला. त्याच्याकडे असं काही लिहिलेलं नव्हतं. साहेब दर मिनिटाला माझ्याकडे कान करत होते आणि मी दोन्हीकडून बोलून बोलून थकलो होतो. शेवटी वाढ रोखली गेली. रोज पाणी येईपर्यंत जुनाच दर, असा ठराव झाला. मी पान पुन्हा टाइप करायला पाठवलं. लोकांनी बाहेर पुष्पाताईंना हार घातला. त्यांनी तो काढून पर्समध्ये ठेवला आणि मशीनवर बसायला निघून गेल्या.

विषय नऊ आला तेव्हा समोसे येऊन पडले होते. निम्मे पार्षद उठले होते, बातमीदार फोटो घेऊन गेले होते. जलकर सगळ्यांच्या घरचा होता, पार्किंगच्या कोपऱ्याचा प्रश्न एका शामरावचा. एका पार्षदाने त्याला बोलावून आणलं होतं. तो दाराशी, यजमानांच्या खुर्चीमागे, धुतलेला सदरा घालून हात जोडून उभा होता. मी मसुदा वाचून दाखवला. अध्यक्षांनी ‘मंजूर’ म्हणायचं तेवढं बाकी होतं.

मॅडम दाराकडे पाहू लागल्या. मला वाटलं, यजमानांकडे. त्या शामरावकडे पाहत होत्या.

“माह्या बाबाची सायकल तिथंच राहे,” त्या म्हणाल्या. “मी शाळेत होती तवा. बाबा नागपूरले मिलमंदी जाये. शनिवारी येये तं शामरावजी सायकल पुसून ठेवे.” मग म्हणाल्या, “पार्किंग कोणालेही द्या. थो कोपरा सोडून द्या. शामरावजीचं स्टँड तिथून हलनार नाई.”

दोन-तीन पार्षद समोशाच्या प्लेटीवरून मान वर करून ‘बरोबर हाये, बरोबर हाये’ म्हणाले. शामरावने मॅडमना हात जोडले आणि मागे पाय घेत बाहेर गेला. यजमान फोनवर होते.

साहेबांनी कान माझ्याकडे केला. ‘मैडम क्या कह रही हैं?’

मी म्हणालो, ‘कुछ नहीं सर, पुरानी बात बता रही हैं।’

साहेबांनी मान हलवली आणि मसुद्यावर खूण केली. विचारोपरांत सर्वसम्मति से स्वीकृत.

असं मी का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तीन तास बोलून घसा बसला होता. पान पुन्हा टाइप करावं लागलं असतं, आणि टाइपिस्ट जलकराच्या पानावरच अडकला होता. मॅडमचं बोलणं आठवणीपासून सुरू झालं आणि मी तिथेच त्याचं सार काढून मोकळा झालो. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्याखाली एक आणखी कारण आहे आणि ते मला लाज आणतं. हेच वाक्य दारातल्या खुर्चीवरून यजमानांनी उच्चारलं असतं, त्यांना बोलायचा अधिकार नसतानाही, तर मी ते अचूक टिपलं असतं. मॅडमचं बोलणं टिपायची माझ्या हाताला सवयच नव्हती.

चूक सुधारायची एक वेळ असते. पुढच्या सभेत मागच्या कार्यवाहीची पुष्टी होते, म्हणजे ती वाचायची, कोणाची हरकत असेल तर सांगायची आणि मग अध्यक्षांनी सही करायची. प्रत्यक्षात वाचत कोणी नाही. मी रजिस्टर मॅडमसमोर उघडून धरलं. त्यांनी पेन टेकवलं आणि हळूच विचारलं, “मी बोलली होती थे आलं न यात?”

त्या क्षणी मला सगळं आठवलं. बाजूला साहेब बसले होते. ठरावाची प्रत वर गेली होती, निविदा निघाली होती. आता सांगायचं तर सभेसमोर सांगावं लागणार होतं की बाबूने अध्यक्षांचं बोलणं गाळलं.

मी म्हणालो, “मॅडम, सगळं बोलणं येत नसते. सार येते.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि सही केली.

मला तेव्हा असंही वाटलं होतं की एवढ्याने काय बिघडणार आहे. अध्यक्ष आहेत, त्यांचा शब्द आहे, ठेकेदाराला एक फोन गेला की कोपरा सुटेल. आमच्याकडे निम्मं गाव अशा शब्दांवरच उभं आहे. पण निविदा, तक्रारी, फेरनिविदा यात बरेच महिने गेले. ठेकेदार बाहेरचा निघाला, आणि तो येईपर्यंत मॅडमचा कार्यकाळ संपून प्रशासक बसला होता. पिवळ्या रेघा कडुनिंबाच्या खोडापर्यंत आल्या.

स्टँड गेलं, हे सांगून टाकतो. म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आशा नको. शामरावने काही दिवस रस्त्यापलीकडे सायकली लावून पाहिल्या, तर नव्या नियमाने पहिला दंड त्यालाच झाला. नंतर तो एका मंगल कार्यालयात राखणीला लागला. मुलीने नर्सिंग सोडलं आणि एका औषधाच्या दुकानात उभी राहू लागली. नवं पार्किंग चांगलं चालतं. मेन रोड मोकळा झाला, रुग्णवाहिका अडत नाही. मी स्वतः माझी गाडी तिथेच लावतो, कारण दुसरीकडे लावता येत नाही.

रेघा पडल्या त्या आठवड्यात एका दुपारी शामराव कचेरीत माझ्या टेबलाशी आला. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. त्याच्या तोंडावर काळजी नव्हती. उलट एखादं काम मार्गी लागल्यासारखा तो खुर्ची ओढून बसला.

“बाबूजी, ठेकेदाराचा माणूस म्हणते कागद दाखव. मी म्हटलं, दाखवतो नं बावा, त्यात काय. मॅडमकडं जाऊन आलो. त्या म्हणे, रजिस्टरात लिहेल हाये, बाबूजीनं सोता सांगतलं मले. त्या ठरावाची नक्कल पाह्यजे होती.”

मी शुल्क भरून घेतलं. रजिस्टरावरून झेरॉक्स काढून आणली, तळाशी ‘सत्य प्रतिलिपि’चा शिक्का मारला, खाली सही केली आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. हे सगळं मी सावकाश केलं. सावकाश करण्यावाचून माझ्या हातात काही नव्हतं.

त्याला हिंदी वाचता येत होती, पण कचेरीची हिंदी त्याला जड जाई. त्याने कागद माझ्याकडे फिरवला.

“मॅडमचं वाक्य कुठं हाये त्यावर बोट ठेवून द्या. म्हंजे तिथं गेल्यावर मले धुंडाळावं नाई लागनार.”

मी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. तिथे विषय क्रमांक होता. खाली सरकवलं. प्रस्तावक, समर्थक, जागेचं क्षेत्रफळ, ठेक्याची मुदत, दंडाचे दर. मी शोधत असल्यासारखं बोट नेत होतो आणि तो त्या बोटाकडे पाहत होता. बोट शिक्क्यापर्यंत गेलं. माझ्याच सहीपर्यंत.

“मांगच्या बाजूनं असन,” तो म्हणाला आणि त्याने कागद उलटला.

मागची बाजू कोरी होती. त्याने कागद पुन्हा सरळ केला, पुन्हा उलटला. मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने खरोखरच माहिती विचारावी तसं विचारलं.

“तुमी त्या दिवशी तिथं बसून होते नं, बाबूजी?”

मी म्हणालो, “होतो.”